पिवळी ज्योत आणि विजयदुर्गचे ओटे

गॅसवर आमटी उकळत असते, आपलं लक्ष फोनकडे असतं आणि एकदम ‘फस्स’ आवाज होतो. आमटी उतू गेलेली असते. गॅस बारीक करायच्या गडबडीत बर्नरकडे नीट पाहिलं असेल, तर एक गोष्ट नजरेत भरली असेल. एरवी निळी असणारी ज्योत काही क्षण भडक पिवळी, केशरीकडे झुकणारी होते. पिवळेपणा हळदीचा नसतो. हळद न घातलेल्या, नुसत्या मिठाच्या पाण्यानंही ज्योत तशीच पिवळी होते. तो रंग सोडियमचा. मिठातला सोडियमचा अणू ज्योतीत सापडला की नेमका तोच पिवळा प्रकाश देतो. मुंबईत देतो, आर्क्टिकवर देतो आणि सूर्यावरही देतो.

(जाता जाता एक. काहीही सांडलेलं नसताना ज्योत सतत पिवळी राहत असेल, भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल, तर ते मीठ नव्हे. बर्नरला हवा कमी पडते आहे आणि गॅस अर्धवट जळतो आहे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. खिडकी उघडा आणि बर्नर साफ करून घ्या.)

एका मूलद्रव्याचा एक ठरलेला रंग, एवढंच सांगून थांबता आलं असतं. पण गंमत रंगात नाही, रेषांत आहे. बल्बमधली तापलेली तार किंवा निखारा यांचा प्रकाश प्रिझममधून पाहिला तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसतो, मध्ये कुठे खंड नाही. मिठानं पिवळी झालेली ज्योत तशीच पाहिली, तर जवळजवळ सगळा पट्टा अंधारा आणि पिवळ्या भागात एक झगझगीत रेष. चांगलं यंत्र असेल तर ती एक नसून दोन जुळ्या रेषा आहेत हेही दिसतं. एकीची तरंगलांबी ५८९.० नॅनोमीटर, दुसरीची ५८९.६. पोटॅशियमच्या रेषा वेगळ्या जागी, स्ट्रॉन्शियमच्या वेगळ्या, लोहाच्या तर हजारो. दोन मूलद्रव्यांचा रेषांचा संच कधी एकसारखा येत नाही. अंगठ्याच्या ठशासारखंच हे.

असं का व्हावं? अणूत मधोमध केंद्रक असतं आणि भोवती इलेक्ट्रॉन. जुन्या कल्पनेप्रमाणे हे इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे कोणत्याही अंतरावर फिरायला मोकळे असते, तर त्यांच्याकडे कितीही ऊर्जा असू शकली असती आणि अणूनं सगळ्या रंगांचा प्रकाश दिला असता. तसं होत नाही, कारण इलेक्ट्रॉन तरंगासारखाही वागतो. तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून ती ठरावीक स्वरांतच वाजते. मधला कुठलाही सूर तिच्यातून निघत नाही. अणूत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचंही तसंच असतं. त्याला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच मिळतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभं राहायला जागाच नसते.

या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. जुन्या वाड्यातल्या दगडी जिन्यासारख्या त्या असतात, एक पायरी हातभर, पुढची वीतभर. आणि प्रत्येक मूलद्रव्याचा वाडा वेगळा, जिना वेगळा. केंद्रकात प्रोटॉन किती आणि भोवती इलेक्ट्रॉन किती, यावर पायऱ्यांची उंची ठरते. ज्योतीत अणू एकमेकांवर आदळतात, त्या धक्क्यानं इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. तिथे तो फार वेळ टिकत नाही. सोडियममध्ये सरासरी १६ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या सोळा पट. मग तो खाली येतो आणि दोन पायऱ्यांतल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाशाच्या एका कणाच्या रूपानं बाहेर टाकतो. फरक मोठा असेल तर प्रकाश निळ्या-जांभळ्याकडे, लहान असेल तर तांबड्याकडे. सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनची ही उडी साधारण २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे, आणि एवढ्या ऊर्जेचा प्रकाश आपल्या डोळ्याला पिवळा दिसतो.

हायड्रोजनचा जिना सर्वांत साधा, कारण इलेक्ट्रॉन एकच. नील्स बोरनं १९१३ मध्ये त्याचं गणित मांडलं. १३.६ या आकड्याला पायरीच्या क्रमांकाच्या वर्गानं भागायचं, की त्या पायरीची खोली इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. दुसऱ्या पायरीसाठी ३.४, तिसऱ्यासाठी १.५१. फरक १.८९. तेवढ्या ऊर्जेच्या प्रकाशाची तरंगलांबी निघते ६५६ नॅनोमीटर, आणि हायड्रोजनची ठळक तांबडी रेष बरोबर तिथेच असते. या रेषांमागचं सूत्र बोरच्या २८ वर्षं आधी, १८८५ मध्ये, योहान बाल्मर नावाच्या स्वित्झर्लंडमधल्या साठीच्या शाळामास्तरानं नुसत्या आकड्यांशी खेळून शोधून काढलं होतं. सूत्र बरोबर होतं, ते बरोबर का आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि दुसऱ्या कुणालाही.

आता उलटी बाजू. जी पायरी उतरताना अणू पिवळा प्रकाश देतो, ती चढण्यासाठी त्याला नेमका तोच पिवळा प्रकाश लागतो. म्हणून तप्त पृष्ठभागाचा सलग रंगांचा प्रकाश तुलनेनं थंड वायूतून गेला, की वायू आपल्या पसंतीचे रंग त्यातून गिळून टाकतो आणि पट्ट्यात त्या जागी काळ्या रेषा उमटतात. सूर्यप्रकाशात अशा शेकडो काळ्या रेषा आहेत. जर्मनीत योसेफ फ्राउनहोफर या काच कारागिरानं १८१४ पासून त्यांचा नकाशा केला आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. पिवळ्या भागातल्या काळ्या जोडीला मिळालं ‘डी’. त्या कशामुळे पडतात हे मात्र त्याला उमगलं नाही. हा फ्राउनहोफर अनाथ पोर होता, आरशाच्या कारखान्यात उमेदवारी करत असताना इमारत कोसळून ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि वाचला. पुढे ३९व्या वर्षी गेला.

त्यानंतर ऑग्युस्त कॉम्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं १८३५ मध्ये लिहून ठेवलं की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. म्हणणं वावगं नव्हतं. ताऱ्याचा तुकडा आणून परीक्षानळीत कोण घालणार? पण पंचवीसच वर्षांत हायडेलबर्गच्या गुस्ताव्ह किर्खहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी ते खोटं ठरवलं. किर्खहोफनं मिठाच्या ज्योतीतून प्रखर सूर्यप्रकाश जाऊ दिला. पिवळ्या ज्योतीनं काळी डी रेष भरून निघेल असं वाटत होतं, पण ती आणखी काळी झाली. याचा अर्थ सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे. याच युक्तीनं त्या दोघांनी पृथ्वीवर दोन नवी मूलद्रव्यं पकडली, १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम. ही पद्धत इतकी संवेदनशील निघाली की मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाएवढं सोडियमही ज्योतीत ओळखू येतं, असं त्यांनी दाखवलं. खोलीतल्या हवेत तरंगणारी धूळसुद्धा पिवळी रेष उमटवायला पुरते. या पिवळ्या रेषेचा उपद्रव पुढे बराच झाला.

आणि इथे गोष्ट आपल्या कोकणात येते.

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलेल्या बहुतेकांना ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबानं १८ ऑगस्ट १८६८ रोजी इथे दुर्बीण लावून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हीलियमचा शोध लावला, असं सांगितलं जातं. त्या तारखेला तिथे हीलियम दिनही साजरा होतो. पाठ्येतर पुस्तकांत, वर्तमानपत्रांत, आणि अर्थात फॉरवर्ड होणाऱ्या संदेशांत, हे वर्षानुवर्षं येतं आहे. किल्ल्याबद्दल प्रेम असणाऱ्यांची नाराजी पत्करून सांगावं लागतं की ते तसं घडलं नाही.

१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर इंग्लंडमध्ये होता. ग्रहण खरं होतं, मोठं होतं, खग्रासाचा काळ पाच मिनिटांहून अधिक होता आणि त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून मछलीपट्टणपर्यंत हिंदुस्थान ओलांडून गेला होता. ग्रहणात पहिल्यांदाच वर्णपटदर्शक, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप, जय्यत तयारीनं वापरले जाणार होते. फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला होता. तिथेच इंग्रजांचा मेजर टेनंट होता. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला होता. आणि रॉयल सोसायटीच्या वतीनं लेफ्टनंट जॉन हर्शेल, त्या प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ घराण्यातला, जमखंडीला होता. जमखंडी आज कर्नाटकात असली तरी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. मराठी मुलखाचा या शोधाशी १८६८ मधला खरा संबंध शोधायचाच असेल, तर तो जमखंडीत सापडतो. ऐन पावसाळ्याचे दिवस, ढगांनी हर्शेलला बरंच छळलं. तरी फटीफटीतून त्यानं सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि तो सलग नसून तेजस्वी रेषांचा आहे हे त्याला दिसलं. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या.

त्या रेषांत एक पिवळी होती. पिवळी म्हणजे सोडियम, असंच बहुतेकांनी धरलं. ज्योतीत, धुळीत, जिथे तिथे दिसणारी डी रेष इथेही आली असणार. घाईत, ढगांत, घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून घेतलेल्या मापांत १.४ नॅनोमीटरचा फरक निसटणं स्वाभाविक होतं. पॉगसनला मात्र शंका आली होती की ती डीच्या जवळ आहे, पण नेमकी डीवर नसावी. जान्सेननं वेगळंच डोकं चालवलं. रेषा इतक्या तेजस्वी आहेत तर ग्रहणाची वाट कशाला पाहायची? दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यानं ग्रहण नसताना गुंटूरहून त्या पुन्हा पाहिल्या.

लॉकियरचं नवं यंत्र त्याच्या हाती पडलं तेच ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ ला त्यानंही इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. जान्सेनचं पत्र आणि लॉकियरची बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आली. दोघांचे चेहरे असलेलं पदक फ्रान्सनं काढलं. पुढच्या काळात निवांत मोजमाप केल्यावर लॉकियरला दिसलं की पिवळी रेष ५८७.६ नॅनोमीटरवर आहे. सोडियमच्या जोडीच्या बाजूला, पण तिच्यापासून स्पष्टपणे वेगळी. डी१ आणि डी२ आधीच होत्या, म्हणून हिला डी३ म्हटलं गेलं. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड याच्याबरोबर त्यानं हायड्रोजनवर दाब कमीजास्त करून ती रेष निघते का हे पाहिलं. निघेना. मग नवं मूलद्रव्य मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हीलियम म्हटलं गेलं. सोडियम, पोटॅशियमसारखा ‘इयम’ शेवट लावला, कारण ते धातू असावं असा अंदाज होता. अंदाज चुकला, नाव तसंच राहिलं. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन या भावंडांत एकट्या हीलियमचं नाव बेढब आहे ते यामुळे.

एक प्रश्न कुणाच्याही मनात येईल. सूर्यात हीलियम एवढं असेल, तर फ्राउनहोफरच्या काळ्या रेषांत ते का दिसलं नाही? उत्तर पुन्हा जिन्यात आहे. डी३ ही रेष हीलियमच्या तळाच्या पायरीशी निगडित नाही. ती ज्या पायऱ्यांमधली उडी आहे, त्यांतली खालची पायरीच तळापासून जवळपास २१ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंच आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,८०० केल्व्हिन. तेवढ्या उष्णतेत हीलियमचे अणू तळाशीच पडून राहतात, तिथवर कुणी चढतच नाही, मग पिवळा प्रकाश गिळणार कोण? पृष्ठभागाच्या वरच्या तप्त थरात मात्र ते चढतात आणि चमकतात, आणि तो थर पूर्वी फक्त ग्रहणातच दिसायचा. रेष दिसली नाही म्हणजे मूलद्रव्य नाही, असं म्हणता येत नाही. कोणत्या तापमानाला कोणते अणू कोणत्या अवस्थेत असतील याचं गणित १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी मांडलं. त्याच्या आधारे सेसिलिया पेन या तरुणीनं १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियमचे बनलेले असतात. तोवर मोठमोठ्यांना सूर्य पृथ्वीसारख्याच मालाचा वाटत होता.

पृथ्वीवर हीलियम सापडायला १८९५ उजाडलं. लंडनमध्ये विल्यम रॅम्झे क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघालेला वायू तपासत होता, अरगॉनच्या आशेनं. वर्णपटात पिवळी रेष आली, आणि सोडियमच्या रेषेशी ती जुळेना. विल्यम क्रूक्सनं मोजून सांगितलं की ही डी३ आहे. सूर्यावर आधी सापडून पृथ्वीवर नंतर मिळालेलं मूलद्रव्य हे एवढंच.

मग विजयदुर्गचे ओटे कशाचे? लॉकियर विजयदुर्गला आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर तो ‘सर’ झाला होता, हीलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं होत होती. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेच्या खलाशांना तालीम देऊन त्यानं किल्ल्यावर निरीक्षणाचा तळ उभारला, कारण खग्रास जेमतेम दोन मिनिटांचं होतं आणि तेवढ्यात पुष्कळ यंत्रं चालवायची होती. त्याच ग्रहणात पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला होते, आणि तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही. दोन तारखा लोकांच्या बोलण्यात एकमेकींत मिसळल्या आणि १८६८ चं श्रेय १८९८ च्या ओट्यांना मिळालं. मला वाटतं, विजयदुर्गला उसन्या गोष्टीची गरज नाही. एखादा फलक बदलला तर १८९८ ची खरी हकीगत सांगायला पुरेशी रंजक आहे, आणि नायगमवालांचं नावही त्या निमित्तानं मराठी मुलांच्या कानावर पडेल.

हे सगळं सूर्याचं झालं. पण याच रेषा आपल्या रक्ताच्या अहवालातही असतात. वयस्क माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागला, तोल जाऊ लागला, की डॉक्टर ‘सोडियम-पोटॅशियम करून घ्या’ म्हणतात. रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असावं लागतं, फार घसरलं तर जिवावर बेतू शकतं. कित्येक वर्षं ही तपासणी फ्लेम फोटोमीटरवर व्हायची. रक्ताचा पातळ केलेला द्रव ज्योतीत फवारायचा आणि पिवळा प्रकाश किती तीव्र आहे ते मोजायचं, उतू गेलेल्या आमटीचाच प्रकार, फक्त मोजून. आता बहुतेक ठिकाणी त्यासाठी विशिष्ट इलेक्ट्रोड वापरतात.

शिशासाठी मात्र रेषाच कामी येतात. हळद अधिक पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार आपल्याकडे आणि शेजारी देशांत उघडकीस आलेले आहेत. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं अपाय करतं, आणि सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची कोणतीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चवीनं, वासानं ते कळत नाही. डोळ्यांना तर ते उलट आकर्षकच दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत शिशाचाच दिवा लावतात. त्यातून शिशाच्याच रेषांचा प्रकाश निघतो. नमुना तापवून त्याचे सुटे अणू करायचे आणि तो प्रकाश त्यातून जाऊ द्यायचा. नमुन्यात शिसं असेल तर ते आपलाच रंग गिळणार. किती गिळला त्यावरून किती आहे ते कळतं. बाकी कितीही पदार्थ मिसळलेले असोत, त्यांचे जिने वेगळे, त्यामुळे त्या प्रकाशाकडे ते सहसा बघतही नाहीत. किर्खहोफची काळी डी रेष आणि ही हळदीची तपासणी, तत्त्व एकच. सुट्या हळदीबद्दल शंका असेल तर मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत शिशाची चाचणी करून मिळते. घरच्या घरी पाण्यात टाकून बघण्याच्या युक्त्यांवर विसंबू नये.

रेषा स्वतः पाहायच्या असतील तर जुनी सीडी पुरते. अंधाऱ्या खोलीत सीडीची चकाकती बाजू तिरकी धरून तिच्यात आधी साध्या एलईडी बल्बचं प्रतिबिंब पाहा, रंगांचा सलग पट्टा दिसेल. मग घरातल्या मोठ्यांना शेजारी घेऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर भिजवलेल्या चमच्यातून चिमूटभर मीठ धरा आणि लांबून सीडीत पाहा. बाकी रंग जवळजवळ नाहीसे होतात आणि उरते एक पिवळी ज्योत. कुठे अजून जुने पिवळे सोडियमचे पथदिवे शिल्लक असतील, तर त्यांच्याखालीही हे करून बघता येईल. सूर्याचं प्रतिबिंब मात्र सीडीत किंवा आणखी कशातही पाहू नका.